मॅट ब्लॅक सोडून बोला!

तुमच्या कॉलेजचा सायकल स्टँड डोळ्यांसमोर आणा. बाइकच्या गर्दीने एका कोपऱ्यात ढकललेल्या आठ-दहा सायकली असतील. त्यांच्याकडे एकदा नीट बघा. एक काळी, दुसरी मॅट काळी, तिसरी गडद ग्रे, चौथी काळीच पण वर निऑन पट्टी, पाचवी परत काळी. आणि एका टोकाला एक गुलाबी. ती कुणाची हे विचारायची गरज नाही. कुणातरी मुलीची, सातवीत घेऊन दिलेली, आणि आता तिच्यावर बसायची तिला थोडी लाजच वाटते.

ती गुलाबी सायकल माझी होती. आणि घरातली एक सायकल मी स्वतःच्या हाताने मॅट ब्लॅक करून ठेवली होती. म्हणजे दोन्हीकडच्या चुका पदरात आहेत. त्यामुळे या विषयावर चार शब्द सुनावायचा हक्क मला आहे असं मी समजते!

फोनचं कव्हर निवडायला आपण तासभर घालवतो. केसांना कुठली शेड करायची यावर ग्रुपवर पोल घेतो. सायकलचा रंग मात्र एकतर दुकानदार ठरवतो, नाहीतर इन्स्टाग्राम. 'मॅट ब्लॅक, भाई, एकदम क्लासी!' झालं, विषय संपला. खरंतर विषय तिथेच सुरू व्हायला हवा. ही सायकल काय काम करते, रात्री कुठे उभी असते, तिला पुसतं कोण, तिच्यावर बसतं कोण, या सगळ्याचा विचार करून रंग निवडायचा असतो. आणि तो विचार आपला आपण करायचा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे.

आबांची काळी

आमच्या सांगलीच्या घरी आबांची सायकल आहे. दांडीवाली, रॉड ब्रेकची, मागे हे एवढं कॅरिअर. साखर कारखान्यात शिफ्टला ते तिच्यावरूनच जायचे. रंग अर्थातच काळा. त्यांच्या काळात सायकल म्हणजे काळीच. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स सुरू झाली, १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलास आणि १९५६ मध्ये लुधियानात हिरो. कंपन्या वेगवेगळ्या, पण त्यांची ती उभी दणकट रोडस्टर बहुतेक काळ्याच रंगात घरोघरी पोचली. तिकडे चीनमध्ये रस्तोरस्ती दिसणारी फ्लाइंग पिजनसुद्धा काळीच.

यात कंजूषपणा होता तसं शहाणपणही होतं. काळ्या रंगात घालायची काजळी स्वस्त, आणि ती उन्हात विटत नाही. लाल, जांभळे रंग उन्हात चार वर्षं राहिले की केविलवाणे दिसायला लागतात, काळ्याचं तसं होत नाही. शिवाय ते भट्टीत भाजलेलं इनॅमल. काचेसारखं गुळगुळीत, धूळ फडक्याने एका हातात निघते. आणि मुख्य म्हणजे ती सायकल नुसती काळी नव्हतीच. काळ्यावर सोनेरी रेघ, सोबत चकाकणारं क्रोमचं हँडल, क्रोमच्या रिमा आणि ब्राउन चामड्याची सीट. आपण आज ज्याला 'कलर स्कीम' म्हणतो ती तिथे पूर्ण होती. कुणी तिचं कौतुक करत नव्हतं, इतकंच.

बारावीच्या सुट्टीत मी या सायकलचा 'मेकओव्हर' करायचं ठरवलं. मॅट ब्लॅकचे दोन स्प्रे कॅन, यूट्यूबवरचे तीन व्हिडिओ आणि एक दुपार. घासायला पॉलिश पेपर आणला होता, पण उन्हाचा कंटाळा आला. प्रायमर तर आणलाच नव्हता. मडगार्ड, फ्रेम, चिमटा, चेनकव्हर, सगळ्यावर मारत गेले. संध्याकाळी फोटो टाकला, पंचाहत्तर लाइक आले. आबा कामावरून आलेल्या माणसासारखे फाटकातून आत आले, सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, ''छान झालीय की. फक्त आता अंधारात शोधायची कशी?''

मला वाटलं, गंमत करतायत. नंतर आजीने सांगितलं. कारखान्याच्या स्टँडवर शेकड्यांनी सायकली, सगळ्या काळ्या. रात्रपाळी सुटली की आबा आपली सायकल मागच्या मडगार्डवरच्या सोनेरी रेघेवरून ओळखायचे. एका ठिकाणी ती रेघ डब्याची पिशवी घासून घासून पुसली गेली होती. ती पुसलेली जागा म्हणजे त्यांची खूण. मी त्या खुणेवरच स्प्रे मारला होता.

दिवाळीपर्यंत माझ्या मॅट ब्लॅकचे पोपडे निघायला लागले. न घासलेल्या गुळगुळीत इनॅमलवर नवा रंग धरणार कशाला? पोपड्यांखालून जुना काळा रंग चमकत होता.

म्हणून पहिला सल्ला, तोही रंगाच्या लेखात: घरात अशी जुनी सायकल असेल तर आधी काहीच रंगवू नका. साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी करा, गाडीचं मेण मिळतं ते लावा. क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर डब्याला गुंडाळतो ती अॅल्युमिनियम फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. वरवरचा गंज निघतो आणि क्रोमला फारसे ओरखडे पडत नाहीत. एवढं केल्यावर बघा, रंगवावीशी वाटते का. पुण्यात असाल तर कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात एक चक्कर टाका. जुना रंग, जुनी अक्षरं, जुनं क्रोम म्हणजे काय ते तिथे कळतं. मी ही चक्कर स्प्रे मारल्यानंतर टाकली. तुम्ही आधी टाका.

रात्री दिसणार कोण?

आता रोजच्या सायकलकडे येऊ. हॉस्टेल ते कॉलेज, कॉलेज ते क्लास, क्लास ते मेस. ही सायकल उन्हात उभी असते, पावसात भिजते आणि रात्री साडेनऊला दिवे गेलेल्या रस्त्यावरून परत येते. तिला तुम्ही मॅट ब्लॅक करणार? अंगात काळा हुडी, पाठीला काळी सॅक, खाली काळी सायकल. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला तुम्ही डांबराचाच एक तुकडा वाटता.

मॅटचा आणखी एक त्रास दुकानात कुणी सांगत नाही. मॅट फिनिश म्हणजे अगदी बारीक खडबडीत पृष्ठभाग. चेनचं तेल, हाताचा घाम, चिखल त्यात बसतो. पुसला तर डाग पसरतो, आणि पॉलिश केलं तर तेवढाच भाग चमकायला लागतो. ग्लॉसवर ओरखडा पडला तर घासून कमी करता येतो, मॅटवर तो तसाच राहतो. थोडक्यात, रोज पुसणाऱ्याने मॅट घ्यावं. तुम्ही सायकल शेवटची कधी पुसली होती?

आणि सध्याचा तो फिक्या सिमेंटसारखा ग्रे! दुपारी, शोरूमच्या लाइटमध्ये झकास. जुलैमध्ये आकाश ग्रे, रस्ता ग्रे, पाऊस ग्रे आणि त्यात तुम्ही ग्रे. पावसाळ्यात लपून बसायचं असेल तर याहून चांगला रंग नाही.

मग काय, निऑन हिरवा मारायचा का? इथे एक गंमत समजून घ्या. फ्लुओरोसंट रंग उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेऊन ते दिसणाऱ्या प्रकाशात बदलतात. म्हणून दिवसा, ढगाळ हवेत, संध्याकाळच्या उजेडात ते डोळ्यांत घुसतात. रात्री गाडीच्या हेडलाइटमध्ये हे किरण जवळपास नसतात, त्यामुळे ती जादू संपते. शिवाय हे रंग उन्हात लवकर विटतात. रात्रीसाठी लागतं ते आपल्याकडे ज्याला 'रेडियम' म्हणतात ते. त्यात रेडियम वगैरे काही नसतं. हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकणारी ती चिकटपट्टी. नंबर प्लेटवाल्या रेडियम आर्टच्या दुकानात कापून मिळते.

म्हणजे गणित असं: रंग दिवसासाठी, रेडियम रात्रीसाठी आणि दिवा कायमसाठी. रोजच्या सायकलला पिवळा, केशरी, पांढरा, आकाशी असा उजळ ग्लॉस रंग द्या. मागच्या मडगार्डवर, चिमट्याच्या दोन्ही बाजूंना आणि क्रँकवर रेडियमच्या बारीक पट्ट्या लावा. पेडलला रिफ्लेक्टर असतील तर 'बोअर दिसतात' म्हणून काढून टाकू नका. ते वर-खाली हलतात, त्यामुळे मागच्याला लांबूनच कळतं की पुढे कुणीतरी सायकल मारतंय. रेडियमची पट्टी फ्रेमच्याच रंगाची घेतली तर दिवसा ती दिसतही नाही. म्हणजे 'लूक'ही शाबूत आणि तुम्हीही शाबूत.

आधी पार्ट, मग पेंट

आपल्याकडे सगळे चुकतात ते इथे. आधी स्वप्नातला रंग ठरतो, फ्रेम रंगवून येते, मग तिच्यावर जुनेच पार्ट चढतात आणि काहीतरी खटकत राहतं. काय ते कळत नाही. खटकतं ते हे, की फ्रेम एक भाषा बोलते आणि पार्ट दुसरी.

उलटं करा. बदलायला महाग काय आहे ते आधी बघा: रिमा, क्रँक, हब, हँडल. ते सिल्व्हर आहेत की काळे? त्यावरून रंग ठरवा. सिल्व्हर पार्टबरोबर खोल, मुरलेले रंग शोभतात: बॉटल ग्रीन, मरून, नेव्ही ब्लू, क्रीम. काळ्या पार्टबरोबर उजळ रंग खुलतात: पिवळा, केशरी, पांढरा, आकाशी. काळी फ्रेम आणि सगळे पार्टही काळे, असं केलं की सायकलचं चित्र नाहीसं होतं आणि नुसती सावली उरते. बारीक नळ्यांच्या जुन्या स्टीलच्या सायकलीचं सगळं सौंदर्य तिच्या रेषांत असतं. तिथे सिल्व्हर पार्ट त्या रेषा उठवतात. जाड नळ्यांच्या अॅल्युमिनियमच्या गिअरवाल्या सायकलीला काळे पार्ट शोभतात, कारण तिचं वजन नजरेला थोडं कमी वाटतं.

जुगाडाची सायकल असेल, अर्धे पार्ट काळे नि अर्धे सिल्व्हर, तर माझा एक नियम आहे. जे फिरतं ते सिल्व्हर, ज्याला हात लागतो ते काळं. म्हणजे रिमा, क्रँक, हब, पेडल एका बाजूला. ग्रिप, सीट, ब्रेकचे लिव्हर दुसऱ्या बाजूला. एवढी वाटणी झाली तरी सायकल 'ठरवून केलेली' वाटते. सीट आणि ग्रिप एकाच रंगाच्या घ्या. ब्राउन सीटला काळ्या ग्रिप म्हणजे शेरवानीवर स्पोर्ट्स शूज. आणि ब्रेकच्या वायरचं कव्हर ही सगळ्यात स्वस्त गंमत. पूर्ण काळ्या-पांढऱ्या सायकलला लाल वायर टाकून बघा, भारी दिसते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी हात मळवायची तयारी असेल तर असं बरंच काही सापडतं.

आता 'फिनिश'मागचं थोडं विज्ञान, कारण फसवणूक तिथेच होते. स्टीलच्या क्रोम रिमा दिसतात छान, पण पावसात त्यांच्यावर ब्रेकचं रबर घसरतं. ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारं अंतर खूप वाढतं. कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेने क्रोमला छिद्रं पडून गंजही लवकर धरतो. रोज वापरायची सायकल असेल तर अॅल्युमिनियमच्या सिल्व्हर रिमा घ्या. दिसायला जवळपास तशाच, आणि ब्रेक लागतो. क्रोम परत चढवून घ्यायचा मोहही शक्यतो टाळा. त्या प्लेटिंगमध्ये वापरलं जाणारं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरला आमंत्रण देणारं आहे. ते सांडपाणी नीट शुद्ध न करता सोडलं तर आपल्या चकाकीची किंमत तिथला कामगार आणि शेजारचा ओढा भरतो.

रंगीत अॅल्युमिनियमचे पार्ट, म्हणजे लाल हब, जांभळे नटबोल्ट, हे बहुतेक अॅनोडाइज्ड असतात. विजेच्या मदतीने धातूवर ऑक्साइडचा सच्छिद्र थर तयार करतात, त्याच्या छिद्रांत रंग भरतात आणि मग छिद्रं बंद करतात. थर कठीण असतो, पण आतला रंग उन्हाला बळी पडतो. लाल आणि जांभळा तर पटकन विटतो. सायकल दिवसभर उघड्यावर उभी राहणार असेल तर अशा पार्टवर पैसे घालताना दोनदा विचार करा. काळ्या अॅनोडाइज्ड रिमेचं आणखी एक. ब्रेकचं रबर जिथे घासतं तिथला काळा थर हळूहळू निघून खालचं सिल्व्हर दिसायला लागतं. बाजू आधीच मशिनने साफ केलेल्या रिमा मिळतात, त्या घ्या.

आणि हात जोडून सांगते: रिमेच्या ज्या कडेवर ब्रेक लागतो तिथे, किंवा डिस्कवर, रंग मारू नका. 'मॅचिंग' होईल, पण ब्रेक लागणार नाही.

भट्टीत घालण्याआधी

स्प्रे कॅनचं काय होतं ते मी सांगितलंच. रंग टिकायला हवा असेल तर स्टीलच्या किंवा अॅल्युमिनियमच्या फ्रेमला पावडर कोटिंग करून घ्या. हे काम सायकलच्या दुकानात होत नाही. गेट, ग्रिल, टेबल-खुर्च्यांना पावडर मारणारे युनिट एमआयडीसीत असतात, तिथे जायचं. विद्युतभार दिलेली कोरडी पावडर फ्रेमवर उडवतात, ती चिकटते. मग साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती वितळून एकसंध थर होतो. हा थर नेहमीच्या स्प्रेपेक्षा जाड आणि चिवट असतो. युक्ती अशी: 'आज कुठला रंग चालू आहे?' असं आधी विचारा. तुमच्या एका फ्रेमसाठी त्यांना यंत्र साफ करून रंग बदलावा लागला तर खर्च वाढतो. गेटच्याच लॉटमध्ये घुसलात तर स्वस्तात काम होतं.

जाण्याआधी काही गोष्टी करा. फ्रेम पूर्ण उघडी करा. बेअरिंग, रबर, प्लास्टिक काहीही राहता कामा नये. शॉकअपवाला चिमटा भट्टीत जात नाही. पेडलच्या दांड्याचे आणि हँडलच्या नळीचे आटे, सीटची नळी, सगळं झाकून घ्यायला सांगा. नाहीतर आट्यांत पावडर बसते आणि पार्ट परत चढत नाहीत. फ्रेमचा नंबर, बहुतेक वेळा पेडलच्या दांड्याखाली असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. जाड थराखाली तो बुजू शकतो, आणि सायकल चोरीला गेली तर तोच पुरावा.

खिशात एक चुंबक न्या. फ्रेमला चिकटलं तर स्टील. स्टीलची फ्रेम जुना रंग काढण्यासाठी ते रसायनांच्या टाक्यांत बुडवतात, ते चालतं. फक्त नंतर नळ्यांच्या आतून नीट धुवायला सांगा. चुंबक चिकटलं नाही तर बहुधा अॅल्युमिनियम. ते कॉस्टिकच्या टाकीत गेलं तर धातूच खाल्ला जातो, म्हणून आधी स्पष्ट सांगा. आणि कार्बनची फ्रेम असेल तर तिला या रस्त्याला आणूच नका. भट्टीची उष्णता, रंग काढायची रसायनं, वाळूचा मारा, यातलं काहीही तिचा जीव घेऊ शकतं. तिला हाताने घासून, कमी तापमानाचा रंग लागतो आणि तो जाणकाराकडूनच.

उलट बाजूही लक्षात ठेवा. सेकंडहँड सायकल घ्यायला गेलात आणि ती ताज्या रंगात नुसती चकाकत असेल, तर खुश होण्याआधी खाली वाका. हँडलजवळचे आणि पेडलजवळचे जोड बोटाने चाचपून बघा. रंगाखाली तडा लपतो. पूर्ण खरचटलेली पण खरी सायकल ही नटवलेल्या सायकलपेक्षा कधीही बरी.

आईच्या कपाटातलं शेड कार्ड

पावडर कोटिंगवाले काका तुमच्यासमोर एक शेड कार्ड टाकतील. त्यावर बरेचदा राल नंबर असतात. जर्मनीत १९२७ मध्ये ४० रंगांपासून सुरू झालेली ही पद्धत. राल ९००५ म्हणजे गडद काळा, ६००५ म्हणजे शेवाळी हिरवा, ३००५ म्हणजे वाइन रेड. नंबर कामाचाच, कारण पुढच्या वर्षी मडगार्डला तोच रंग हवा असेल तर नंबरावरून मिळतो. लिहून ठेवा.

पण निवडायचा कसा? मी सांगते. इन्स्टाग्राम बंद करा आणि आईचं साड्यांचं कपाट उघडा. आमसुली, डाळिंबी, मोरपिशी, चिंतामणी, अबोली, मोतिया, गुलबक्षी, शेवाळी, केतकी, वांगी. आपल्या भाषेत रंगांना इतकी नावं आहेत आणि आपण सायकलला म्हणतो काय, तर 'ब्लॅक, ग्रे ऑर रेड?' काठपदराचं गणितही तिथेच शिकायला मिळतं. आमसुली साडीला सोनेरी काठ, मोरपिशीला जांभळा. फ्रेम म्हणजे अंग, मडगार्ड आणि चेनकव्हर म्हणजे काठ, सिल्व्हर पार्ट म्हणजे जर. पैठणीवाल्यांना जे शतकानुशतकं कळलंय ते आपण नव्याने शोधायची गरज नाही.

एकच रंग धरून ठेवला तर काय होतं बघायचं असेल तर इटलीच्या बियांकी कंपनीकडे बघा. १८८५ मध्ये मिलानमध्ये सुरू झालेली ही कंपनी. तिचा फिका निळसर हिरवा 'चेलेस्ते' रंग इतका ओळखीचा झालाय की सायकलवेड्यांना लांबून नावसुद्धा वाचावं लागत नाही. तो रंग आला कुठून, याच्या दंतकथा एकाहून एक आहेत. कुणी म्हणतं राणीच्या डोळ्यांचा, कुणी म्हणतं मिलानच्या आकाशाचा. रंगाला गोष्ट असली की तो टिकतो, हे मात्र खरं.

आता माझ्या गुलाबीकडे येते. सातवीत दुकानात गेलो तेव्हा मला निळी हवी होती. दुकानदार काका बाबांना म्हणाले, ''लेडीजमध्ये गुलाबी नि जांभळीच येते.'' त्यावर फुलपाखरांचे स्टिकर, पुढे बास्केट. मला कुणी विचारलंच नाही. हे फक्त माझ्याच बाबतीत होतं असं नाही. राजस्थानात सरकारकडून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. २०१७ मध्ये त्या काळ्याच्या भगव्या झाल्या, सरकार बदललं आणि २०१९ मध्ये परत काळ्या झाल्या. दोन्ही बाजूंनी वाद रंगला. सायकल ज्यांना चालवायची होती त्या नववीतल्या मुलींना 'तुला कुठला आवडेल?' असं विचारल्याचं मात्र माझ्या वाचनात आलं नाही.

बरं, गुलाबी 'मुलींचा' हे तरी कुणी ठरवलं? इटलीची 'जिरो' ही जगातल्या सगळ्यात अवघड सायकल शर्यतींपैकी एक. तीन आठवडे डोंगर चढून जो आघाडीवर असतो त्याला १९३१ पासून गुलाबी जर्सी मिळते. शर्यत भरवणारं वृत्तपत्र गुलाबी कागदावर छापलं जायचं, म्हणून तो रंग. त्या गुलाबीसाठी भलेभले पुरुष जीव टाकतात!

हे कळल्यावर गेल्या वर्षी मी माझी सायकल उघडली. निळी करायचीच असं ठरवून निघाले होते. कपाटासमोर उभी राहिले आणि आईच्या एका राणी कलरच्या साडीपाशी थांबले. पावडर कोटिंगवाल्या काकांनी विचारलं, ''छोट्या बहिणीची का?'' म्हटलं, ''नाही काका, माझीच.'' आता ती राणी रंगाची आहे, ग्लॉस. रिमा, क्रँक सिल्व्हर. सीट, ग्रिप काळ्या. मागच्या मडगार्डवर रेडियमची पट्टी. फुलपाखरं गेली. सायकल परत गुलाबीच झाली, पण या वेळी निवड माझी होती. स्टँडवर ती लांबून ओळखू येते, आणि एवढ्या भडक सायकलला हात लावायचं चोराच्याही जिवावर येत असावं.

आबांच्या सायकलचं काय झालं? मॅट ब्लॅक काढायला मला तीन रविवार लागले. थिनरमध्ये कापड भिजवून थोडं थोडं पुसत गेले. खालचं जुनं इनॅमल बऱ्यापैकी वाचलं. सोनेरी रेघ मात्र थिनरबरोबर निघून गेली. शेवटी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका काकांना गाठलं. त्यांनी बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला आणि मागच्या मडगार्डवर एका दमात रेघ ओढली. आबांनी चष्मा लावून पाहिली.

''जरा जाड झालीय,'' ते म्हणाले. मग पिशवी हँडलला अडकवली आणि भाजी आणायला निघून गेले.

येत्या रविवारी तुमची सायकल स्टँडवरून बाहेर काढा. उजेडात उभी करा. तिच्याभोवती एक चक्कर मारा. रंग बदलायचा की नाही ते नंतर ठरवा. आधी बघा, शंभर सायकलींत ती तुम्हाला ओळखता येते का.